पिल्लांना नवीन खाणं: उपाशी ठेवून की मिसळून?

येऊरकर: कोंबडीची ३-४ आठवड्यांची पिल्लं स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) सोडून दुसऱ्या कशाला चोच लावेनात, की "सकाळभर उपाशी ठेवा, झक मारत खातील" हा सल्ला ठरलेला. मला तो पटत नाही. पिल्लू हट्टी नसतं, बिचकलेलं असतं. नवा रंग, नवा आकार दिसला की आधी मागे सरतं. रोजच्याच भांड्यात स्टार्टरवर चिमूटभर शेवग्याचा पाला टाका, तांदळाच्या कणीएवढा बारीक चिरून. मग बोटाने भांड्यात टकटक करा, कोंबडी पिल्लांना असंच दाखवते. एखादं धीट पिल्लू तुकडा उचलून पळतं आणि बाकीची त्याच्याच चोचीतला हिसकायला धावतात. तिथे काम झालं. नाहीच खाल्लं तर तोच पाला ३-४ दिवस ठेवा, रोज पदार्थ बदलू नका.

खुराडं_घणसोली: मुळात घाई कशाला? ८ आठवडे फक्त स्टार्टर द्या. त्यात प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास असतात, तांदळाच्या कणीत जेमतेम ७-८. कणीने पोट भरलं की स्टार्टर कमी जातो, पिसं उशिरा भरतात, वाढ मागे पडते. चवीची हौस आपल्याला असते, पिल्लांना नाही.

येऊरकर: कणी भरा असं म्हटलंय कुठे? चार आठवड्यांचं पिल्लू दिवसाला साधारण ३० ग्रॅम खातं. दहा पिल्लांचे ३०० ग्रॅम, त्यातले फार तर ३० ग्रॅम बाहेरचं. आणि लहानपणी एकच चव माहीत असलेली कोंबडी मोठेपणी जास्त बिचकते.

मोकळी_कोंबडी: उपाशी नको, पण वेळ साधा. सकाळी गळ्याची पिशवी रिकामी असते, तेव्हा आधी पाला आणि १५ मिनिटांनी स्टार्टर. एवढ्याने कोणी मरत नाही.

येऊरकर: १५ मिनिटं चालतील. त्यापुढे ताणलं की दांडगी पिल्लं अधाशासारखी गिळतात, दुबळी बाजूला ढकलली जातात. लांब गवत असंच गिळलं की पिशवीत गुंता होऊन अडकतं.

दिवाळे_कोळीवाडा: खडी कोणी बोललंच नाही! स्टार्टरशिवाय काहीही द्यायचं तर पेट्यात (दाणे दळणाऱ्या जठरात) दळायला १-२ मिलिमीटरची खडी हवी. खाडीची वाळू नको, खारट असते. शिंपल्यांचा चुरा तर नकोच: तो पोटात विरघळतो, दळणाच्या कामाचा नाही, आणि जास्तीच्या कॅल्शियमने पिल्लांच्या किडन्या बिघडतात. लेयरचं (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं) खाद्य पिल्लांना द्यायचं नाही ते याच कारणाने. सुका जवळा पिल्लं पहिल्या फटक्यात उचलतात, पण आधी दोन पाण्यांतून काढा. दहा पिल्लांत एक चिमूट बास. खारवलेली सुकट अजिबात नको.

खुराडं_घणसोली: खडीचं मान्य. पण जुलैत आपल्याकडच्या दमट हवेत ओलं खाणं लवकर आंबतं, पावसात भिजलेला मका बुरशी धरतो. भांडं अर्ध्या तासात उचलणार असाल तरच पाला द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, खायला घालायच्या आधी, गळ्याची पिशवी चाचपा. रात्रीत रिकामी व्हायला हवी. कणकेसारखी घट्ट लागली तर पाला बंद, फक्त पाणी आणि स्टार्टर. फुगून आंबूस वास आला तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवा.

मोकळी_कोंबडी: आणि पाला भांड्यात पसरण्यापेक्षा जुडी दोरीने पिल्लांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगा. हलतं ते आधी टोचतात, विष्ठेतही पडत नाही.

येऊरकर: ६ आठवड्यांनंतर टांगा. त्याआधी पानं ओढून लांबच लांब गिळतात.