ओहोटीच्या वेळी चोडणला जा

गोव्यात किनाऱ्याशिवाय बाबांनी मुलांना कुठं न्यावं, असा प्रश्न पडतो. माझं मत: रायबंदरहून फेरीबोटीनं चोडण बेटावरचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. फक्त 1.78 चौरस किलोमीटर, त्यामुळे लहानग्यांचे पाय दुखत नाहीत. पण ओहोटी गाठाच! तेव्हाच खारफुटीच्या चिखलावर निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारताना दिसतात आणि एक नांगी भलीमोठी असलेले छोटे खेकडे ती हलवत बसतात. माझी लेक तर खंड्या सोडून त्यांच्याकडेच अर्धा तास बघत होती, मीही शेजारी उकिडवा. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. ती वेळ मुलांनाच काढू द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत स्थलांतरित पक्षीही दिसतात. दुर्बीण एकच न्या, आळीपाळीनं बघताना गप्पा होतात.