पॅकेज, गरज, मोट: फ्रीबीएसडीवरच्या डेस्कटॉपसाठी मराठी शब्द

कळफलक: नवख्यांना झेपेल असा एक्सएफसीई डेस्कटॉप फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोर्ट्समध्ये (सॉफ्टवेअर बिल्ड करायच्या कृतींच्या संग्रहात) कसा येतो, हे मराठीत लिहायचंय. पॅकेजिंगला ‘आवेष्टन’ चालेल? डिपेन्डन्सीला ‘अवलंबित्व’ सोडून काही? आणि अनेक पोर्ट एकत्र आणणाऱ्या मेटापोर्टचं काय करायचं?

संकलक: आवेष्टन नको. तयार मालाला कागद गुंडाळल्यासारखं वाटतं. खरं काम आहे ते मूळ कोड उतरवणं, पॅच लावणं, बिल्ड करणं आणि कुठली फाईल कुठे बसते याची यादी ठेवणं. क्रम असा: ‘मेक मेकसम’ (उतरवलेल्या कोडचे चेकसम नोंदवणं), ‘मेक स्टेज’ (बिल्ड करून तात्पुरत्या फोल्डरात बसवणं), ‘मेक चेक-प्लिस्ट’ (फाईलींची यादी पडताळणं), मग ‘मेक पॅकेज’. ‘पीकेजी-प्लिस्ट’ला बिनधास्त ‘फाईलयादी’ म्हणा. स्टेजमध्ये उतरलेली पण यादीतून सुटलेली फाईल पॅकेजमध्ये जातच नाही. ती आयकॉनची असेल तर मेनूत चित्राची जागा रिकामी. क्रियापद ‘पॅकेज करणे’च बरं.

दौतटाक: अवलंबित्व हा सरकारी अहवालातला शब्द. ‘गरज’ म्हणा, म्हणजे प्रकारही पाडता येतात: बिल्डची गरज, लायब्ररीची गरज, चालवायची गरज. मेकफाईलमध्ये (पोर्टच्या बिल्डच्या सूचनांच्या फाईलमध्ये) त्यांची खाती वेगळीच असतात: बिल्ड_डिपेन्ड्स, लिब_डिपेन्ड्स, रन_डिपेन्ड्स. घोळ होतो तो न नोंदवलेल्या गरजेचा. पॅकेज करणाऱ्याच्या मशीनवर एखादी लायब्ररी आधीच असते, बिल्डआधी मशीन चाचपणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट ती गुपचूप उचलते, बिल्ड छान होतं. वापरणाऱ्याकडे ती नसली की प्रोग्रॅम उघडतच नाही. म्हणून पूड्रिएर या बिल्ड करणाऱ्या साधनाच्या ‘पूड्रिएर टेस्टपोर्ट’ने कोऱ्या जेलमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात) बिल्ड करून बघायचं.

संकलक: मेटापोर्टला मी ‘मोट’ सुचवेन. पक्षांची बांधतात तशीच, आणि सुटतेही तशीच! मेकफाईलमध्ये ‘यूझेस=मेटापोर्ट’, स्वतःची एकही फाईल नाही, नुसत्या चालवायच्या गरजा.

कळफलक: मग ‘पीकेजी इन्स्टॉल एक्सएफसीई’ केलं की डेस्कटॉप तयार?

संकलक: नाही. पडद्यावर खिडक्या दाखवणारा एक्सऑर्ग आणि लाईटडीएमसारखा लॉगिन मॅनेजर या मोटेत नाहीत, ते वेगळे घ्यावे लागतात. शिवाय फ्रीबीएसडीवर पॅकेज बसलं म्हणून सेवा आपोआप चालू होत नाही. ‘आरसी.कॉन्फ’ या सेटिंगच्या फाईलमध्ये ‘डीबस_एनेबल’ (प्रोग्रॅमांना आपसात निरोप देणारी सेवा) आणि ‘लाईटडीएम_एनेबल’ला ‘येस’ द्यायचं. ही सूचना ‘पीकेजी-मेसेज’मध्ये लिहितात खरी, पण ढीगभर पॅकेजं एकदम बसताना ती वाचतो कोण? तुमच्या लेखात ती वरच द्या.

दौतटाक: मोट सुटते कशी तेही लिहा. नको म्हणून त्यातला एक घटक ‘पीकेजी डिलीट’ने काढला, तर त्याच्यावर विसंबलेली मोटही जाते. बाकीचे घटक ‘आपोआप आलेले’ म्हणून नोंदलेले असतात. कुणालाच न लागणारी पॅकेजं काढणाऱ्या पुढच्या ‘पीकेजी ऑटोरिमूव्ह’ला त्यांचीही यादी समोर येते. नवखा ‘वाय’ दाबतो आणि डेस्कटॉप साफ. जे ठेवायचंय त्याला आधी ‘पीकेजी सेट -ए 0’ करायचं, यातला ए मोठ्या लिपीतला.