पणजीच्या कॅसिनोत जाताना मर्यादा कशी ठरवावी?

मिरजकर:
डिसेंबरात आम्ही शाळेतले पाच मित्र गोव्याला चाललोय. एक रात्र मांडवीतल्या कॅसिनोत काढायची ठरलीय. मागच्या खेपेला "५,००० च्या वर नाही" असं स्वतःशी ठरवून बोटीवर चढलो आणि पहाटे साडेतीनला जेटीवर उतरलो तेव्हा ३२,००० गेले होते. त्यात मुलीच्या क्लासची फी होती. बायकोला १५,००० च सांगितलेत. मित्रांना नाही म्हणवत नाही. टेबलाशी बसल्यावरही टिकेल अशी मर्यादा कशी घालायची?

दोडामार्गकर:
सहा वर्षं अशाच एका बोटीवर रूलेटला, म्हणजे फिरत्या चाकावर आकडा लावायच्या खेळाला, डीलर होतो, म्हणून लिहितो. तुमचा आकडा चुकला नव्हता. उरलेले पैसे फोनमध्ये हाताशी होते, तिथं चुकलं.

एका शून्याच्या चाकाला ३७ खाने असतात आणि आकडा लागला तर ३५ पट मिळतात. म्हणजे लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोचे. किरकोळ वाटतं, पण तेच पैसे माणूस रात्रभर पुन्हापुन्हा लावतो. खरा खड्डा पडतो तो गेलेले वसूल करायच्या नादात. ते मला समोरून दिसायचं. सुरुवातीला माणूस एकेक चिप, म्हणजे पैशांऐवजी लावायची चकती, रेषेत नीट ठेवतो. वसुलीला लागला की मूठच्या मूठ ओततो, आकडा बघतसुद्धा नाही.

तेव्हा जे करायचं ते घरूनच करून निघा. बँकेच्या ॲपमध्ये यूपीआयची मर्यादा खाली आणा. कार्डाची एटीएम आणि दुकानातली मर्यादाही तिथंच कमी करता येते. रिझर्व्ह बँकेने २०२० पासून ही सोय बँकांना बंधनकारक केलीय. कार्ड हॉटेलवर ठेवा, ठरलेली रोकड तेवढी पाकिटात. जिंकलेल्या चिप्स लगेच कॅश काउंटरवर मोडा, ते पैसे पुन्हा टेबलावर नकोत. आणि मित्रांना आधीच बजावा, मागितले तरी उसने द्यायचे नाहीत. दारू पॅकेजात असली तरी खेळताना घेऊ नका.

कृष्णाकाठ:
दादा, आधी वहिनींना पूर्ण आकडा सांगा. आमच्याकडे मोबाइलवरची रमी होती. रोज ५०० ची मर्यादा आम्ही तीनदा घातली, तीनदा मोडली. मर्यादा वारंवार मोडत असेल तर ती अजून खाली आणून भागत नाही, खेळणंच थांबवावं लागतं. आम्ही टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन केला. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. ह्यांनी पहिल्यांदा खरं काय ते त्या फोनवर सांगितलं. मी शेजारीच बसले होते.

मिरजकर:
काल रात्री सांगितलं. ती बराच वेळ बोललीच नाही, मग फीची पावती काढून माझ्यापुढं ठेवली. यूपीआय २,००० वर आणलीय, कार्ड तिच्याकडे दिलंय. ग्रुपवर लिहिलं, "मला कुणी उसने देऊ नका." एकाने अंगठा टाकला, बाकीचे अजून गप्प आहेत. बोटीवर जायचं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.