पॅरिस ऑपेरा बॅले: ही पायऱ्यांची उतरंड हवी की नको?

नूपुरवेडी

पॅरिस ऑपेरा बॅलेत दीडशेच्या आसपास नर्तक आहेत आणि त्यांच्या पाच पायऱ्या: काद्रिय, कोरिफे, स्युझे, प्रमिए दांसर आणि सगळ्यांत वर एत्वाल, म्हणजे तारा. चौथ्या पायरीपर्यंत चढायचं तर परंपरेने कंपनीतल्या कंपनीत स्पर्धा द्यायची. जागा जितक्या रिकाम्या, तितक्याच बढत्या. एक नेमून दिलेला तुकडा आणि एक आपल्या पसंतीचा, दोन्ही एकट्याने, परीक्षकांसमोर. काही मिनिटांच्या नाचावर निकाल लागतो. तारा मात्र स्पर्धेतून होत नाही, तो मान संचालक देतात. ही पद्धत जुनाट आणि निर्दय आहे, मोडीत काढा, असं पुष्कळ जण म्हणतात. मला ती टिकायला हवी असं मनापासून वाटतं.

का, ते सांगते. 'ला बायादेर' या बॅलेमधला छायांचा, म्हणजे आत्म्यांचा, प्रवेश बघा. प्रसिद्ध रशियन नर्तक नुरेयेव्हने १९९२ साली, मृत्यूच्या तीन महिने आधी, हे अख्खं बॅले या कंपनीवर बसवलं. रंगमंचाच्या मागच्या बाजूला उतार. पांढऱ्या पोशाखातली पहिली नर्तकी येते, एका पायावर तोल घेत दुसरा मागे उचलते, मग पाठ मागे कलवते, दोन पावलं पुढे येते. तोवर तिच्यामागे दुसरी. अशा ३२ जणी. सगळ्यांत पुढची मुलगी तीच हालचाल तिसाहून अधिक वेळा करते. एकीचा घोटा डगमगला की डोळा तिथेच अडकतो. आणि यात तारा कोणी नाही, सगळ्या खालच्या पायऱ्यांवरच्या!

असा समूह आपोआप तयार होत नाही. चौदाव्या लुईने १७१३ साली काढलेली शाळा आजही चालू आहे, १९८७पासून नांतेरला, आणि बहुतेक नर्तक तिथूनच येतात. मान कशी वळवायची, हात कुठे थांबवायचा, हे लहानपणीच अंगात मुरलेलं. स्पर्धेमुळे मागच्या रांगेतली मुलगीसुद्धा एकटीने उभं राहायची तयारी करत राहते. परीक्षकांत नर्तकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी असतात, त्यामुळे एकट्या संचालकाचा वशिला चालत नाही. याहून रास्त पद्धत कुणाला माहीत असेल तर सांगा.

तिहाई

मी कथकच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिल्या आहेत, त्यामुळे परीक्षेचं मला वावडं नाही. पण प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद, यांत चांगलं केलं की तुम्ही उत्तीर्ण, शेजारची नापास व्हावी लागत नाही. पॅरिसमध्ये एकच जागा असेल तर दोघी उत्तम नाचल्या तरी एक खालीच राहणार. असे कितीतरी नर्तक काद्रिय म्हणून येतात आणि त्याच किंवा त्याच्या वरच्या पायरीवरून निवृत्त होतात.

आणि विलक्षण माणूस आला की ही शिडी तोकडीच पडते. सिल्वी गिलेमला तेव्हाचा संचालक नुरेयेव्हने १९८४ साली, अवघ्या १९व्या वर्षी, एत्वाल केलं. पाच वर्षांत ती लंडनच्या रॉयल बॅलेत निघून गेली, कारण तिला स्वतःचं काम स्वतः निवडायचं होतं. २०२३च्या मार्चमध्ये सोलच्या दौऱ्यावर 'जिझेल' या बॅलेच्या प्रयोगानंतर गियोम दियोप एत्वाल झाला, तोही स्युझेवरून थेट, मधली पायरी ओलांडून. पद्धत इतकी रास्त असेल तर उत्तम नर्तकांसाठी तिला वळसा का घालावा लागतो?

जुनी_पानं

पायऱ्यांमुळे परंपरा टिकते, असं नूपुरवेडींच्या बोलण्यात गृहीत आहे; मला त्या दाव्याबद्दलच बोलायचं आहे. 'जिझेल' याच ऑपेरात १८४१ साली जन्मलं. १८६८नंतर पॅरिसने ते सोडून दिलं. काद्रिय, कोरिफे अशा पायऱ्या तेव्हाही होत्या, शाळाही होती. तरी आज जगभर नाचलं जाणारं 'जिझेल' टिकलं ते सेंट पीटर्सबर्गमध्ये. १९१०मध्ये दियागिलेव्हच्या रशियन मंडळींनी ते पॅरिसला परत आणून दाखवलं, कार्साविना आणि निजिन्स्की या नर्तकांसह, आणि तेही याच ऑपेराच्या रंगमंचावर. घरचं वैभव परक्याने परत आणून द्यावं, याला परंपरा टिकवणं म्हणत नाहीत.

थोडं अवांतर, पण आपल्या जवळचं: १८५८ साली याच कंपनीने कालिदासाच्या शाकुंतलावर बॅले केलं होतं. संहिता तेओफिल गोतिएची, 'जिझेल'च्या कथेत ज्याचा हात होता तोच. किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'च्या २२ वर्षं आधी! आपलं शाकुंतल अजून गायलं जातं, त्यांचं नाच म्हणून उरलं नाही. वर्षानुवर्षं प्रयोग होत राहिले तर कला टिकते, पायऱ्यांनी नाही.

नूपुरवेडी

'जिझेल'चा मुद्दा वजनदार आहे. पण त्या पडझडीचं कारण पायऱ्या नव्हत्या. पुरुषांचं नृत्य पॅरिसमध्ये जवळजवळ संपलं होतं. १८७०च्या 'कोपेलिया'त नायक फ्रांझची भूमिकासुद्धा बाईने केली. आणि नाच बघायला येणाऱ्या धनिक वर्गणीदारांना कलेपेक्षा मुलींमध्ये रस होता. कंपनी पुन्हा उभी राहिली ती १९३०नंतर, नर्तक-दिग्दर्शक सर्ज लिफारच्या हाताखाली, पायऱ्यांची उतरंड कायम ठेवून.

हेमांगी

वर्गणीदारांचा उल्लेख एका वाक्यात उरकू नका. रंगमंचामागे खास दालन होतं, तिथे हे लोक नर्तकींना भेटायला जात. मुली गरीब घरातल्या, खालच्या पायरीवरच्या पगारात भागत नसे. एडगर देगाच्या शिल्पातली चौदा वर्षांची मुलगी, मारी व्हान गोटेम, याच शाळेतली. शिल्प १८८१ साली लोकांसमोर आलं, पुढच्याच वर्षी ऑपेराने तिला काढून टाकलं. उतरंडीत तळाशी असणं म्हणजे काय, याचा हा चेहरा.

आणि ३२ जणी अगदी एकसारख्या, याचीही किंमत कुणीतरी मोजली आहे. २०२० साली कंपनीतल्या पाच कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय नर्तकांनी पत्र लिहिलं, त्यावर ऑपेरातल्या सुमारे ४०० जणांनी सह्या केल्या. मागण्या साध्या होत्या: त्वचेच्या रंगाचे मोजे आणि बूट मिळावेत, चेहऱ्याला काळं फासून भूमिका करणं थांबावं. या कंपनीला ३०० वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि आपल्या रंगाचे बूट मागण्यासाठी पत्र लिहावं लागतं! एकसारखेपणाचं कौतुक करताना मला हे विसरता येत नाही.

पॅरिसची_मावशी

तुम्ही सगळे स्पर्धेवर भांडताय, निवृत्तीवर कुणीच बोललं नाही. इथे नर्तक ४२व्या वर्षी निवृत्त होतात आणि त्यांना निवृत्तिवेतन असतं, ज्याचं मूळ १६९८पर्यंत जातं. गुडघे, पाठ, घोटे तोवर झिजलेले असतात. २०१९मध्ये सरकारने ते रद्द करायचं ठरवलं तेव्हा कंपनी संपावर गेली. २४ डिसेंबरला नर्तकींनी गार्निये प्रासादाच्या, म्हणजे ऑपेराच्या इमारतीच्या, पायऱ्यांवर, उघड्या थंडीत, 'स्वान लेक'मधला भाग नाचून दाखवला, ऑपेराचे वादक वाजवायला होते.

सरकारने तोडगा सुचवला होता की नवा नियम २०२२पासून भरती होणाऱ्यांनाच लागू करू, तुम्हाला धक्का नाही. त्यांनी तो नाकारला. पुढच्या पिढीचा बळी देणार नाही, म्हणाले. स्पर्धेत एकमेकांच्या जागेसाठी झगडणारी माणसं अजून शाळेत असलेल्या मुलांसाठी पगार बुडवून उभी राहिली. उतरंडीमुळे माणसं एकमेकांची वैरी होतात हे मला पटत नाही.

तिहाई

मावशी, ते धैर्य खरंच मोठं आहे, आणि निवृत्तिवेतन हवंच. शाळाही हवी. पण नूपुरवेडी, तुमच्याच उदाहरणात एक अडचण आहे. तुम्हाला ३२ जणींची रांग प्रिय आहे ना? मग स्पर्धेत तपासता काय? एकटीचा नाच! शेजारणीचा श्वास ऐकून पाऊल टाकणं, स्वतःला आवरणं, उतारावर अंतर सांभाळणं, यातलं काहीही तिथे दिसत नाही. जी मुलगी दहा वर्षं ती रांग तोलून धरते ती कोरिफे होतेच असं नाही. मिल्पिये २०१४मध्ये संचालक झाला तेव्हा त्यानेही या स्पर्धेवर उघड टीका केली आणि खालच्या पायरीवरच्या तरुणांना घेऊन नवं काम केलं. खालच्या दोन बढत्या तरी वर्षभराच्या प्रयोगांवरून द्या.

नूपुरवेडी

मिल्पियेने राजीनामा २०१६च्या सुरुवातीलाच जाहीर केला, हेही सांगा. तुमच्या सूचनेत मला एकच भीती वाटते: वर्षभराचे प्रयोग कोण बघणार? संचालक आणि तालीम घेणारे. कुणाला कुठल्या प्रयोगात उभं करायचं हे ठरवणारेही तेच. म्हणजे ज्याला कामच मिळालं नाही, त्याला दाखवायला काही नाही. आजच्या पद्धतीत निदान एक दिवस असा येतो की वर्षभर मागे राहिलेला नर्तक कुणाच्याही मर्जीशिवाय रंगमंचाच्या मध्यभागी उभा राहतो. वर्षभराच्या कामाला गुण द्या, जरूर द्या, पण नर्तकांनी निवडलेले परीक्षक तिथेही बसवा आणि तो दिवस काढून घेऊ नका.