अनाथाश्रमात जेवण द्याच, पण आजीकडे राहणाऱ्या पोरांचं काय?
वाढदिवसाला अनाथाश्रमात जेवण द्यावं का असं कुणी कुणी विचारतं, द्या की, पण मला वाटतं त्याहून जास्त गरज अशा पोरांना आहे जी आश्रमात गेलेलीच नाहीत, आजी-मामाकडे कशीबशी वाढतायत. आमच्या हडपसरला एक आजी आहेत, धुणीभांडी करून दोन नातवंडं सांभाळतात. राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळतात हे त्यांना माहीतच नव्हतं! मी आणि शेजारच्या ताई चारदा सोबत गेलो, दर वेळी एक कागद कमी, पिशवीत लेकाचा मृत्यूचा दाखला, घड्या घालून घालून पार फाटायला आलेला. पैसे सुरू झाल्यावर आजींनी आधी धाकटीला चष्मा केला.

आणि 18 पूर्ण झालेल्यांना विसरू नका हो, त्यांना बालगृह सोडावं लागतं, कायद्यात 21 पर्यंत मदतीची सोय आहे पण घरमालक आईवडील कुठे असतात विचारतात आणि उत्तर ऐकून खोली नाही म्हणतात. कुणाकडे कॉटबेसिसवर जागा असेल तर खरंच विचार करा. आणि रस्त्यात एकटं मूल दिसलं तर परस्पर घरी नेऊ नका, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, माणूस येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा.