प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकायचंय, बजेट १२ हजार. कोर्स, पुस्तक की सॉफ्टवेअर?

उद्यमबागचा_नवा
नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागेत हायड्रॉलिकचे पार्ट बनवणाऱ्या एका शॉपमध्ये आहे, डिप्लोमा मेकॅनिकल, नऊ वर्षं मशीनवर आणि सुपरव्हायजर म्हणून. मालकांनी मच्छेत नवीन शेड घेतलंय. इथल्या सहा सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन) तिकडं हलवायच्या, दोन नव्या बसवायच्या आणि खंडेनवमीची पूजा तिथंच करायची असं त्यांनी ठरवूनच टाकलंय. परवा चहा पिता पिता म्हणाले, "हे सगळं तू बघायचं." बघायचं म्हणजे काय ते सांगितलं नाही 😅
यूट्यूबवर लाइफ सायकल, स्टेकहोल्डर, क्रिटिकल पाथ सगळं ऐकतोय पण डोक्यात राहत नाही. बजेट १२ हजार, स्वतःच्या खिशातनं. रविवार मोकळा. टिळकवाडीत एका क्लासचा बोर्ड बघितला, १४,५०० सांगायलेत, शनिवार संध्याकाळ आणि रविवार. कुणी केलाय काय असला क्लास? की पुस्तक घेऊ, की सॉफ्टवेअर?

बेंगळुरात_बेळगावकर
क्लासच्या नादाला लागू नकोस. पीएमपी कर डायरेक्ट, प्रोजेक्ट मॅनेजरची सर्टिफिकेट परीक्षा. मी २०२२ ला दिली, १८० प्रश्न, २३० मिनिटं, पहिल्या झटक्यात पास. त्यानंतर पगार कुठल्या कुठं गेला. अमेरिकेतली पीएमआय संस्था घेते ही परीक्षा, १९६९ पासूनची संस्था आहे, जगात कुठंही जा, मान आहे.

उद्यमबागचा_नवा
दादा फी किती? बजेट १२ आहे.

बेंगळुरात_बेळगावकर
फी काय बघतोस, इन्व्हेस्टमेंट आहे ती. मी सगळं धरून लॅपटॉपएवढं घातलं असेन. आणि फॉर्म भरायला अनुभव लागतो, मी दिली तेव्हा डिग्रीवाल्याला ३६ महिने आणि डिग्री नसली तर ६० महिने प्रोजेक्ट चालवल्याचा, वर ३५ तासांचं ट्रेनिंग.

खानापुरी
म्हणजे ज्याला पहिलाच प्रोजेक्ट मिळालाय त्याला तू पाच वर्षं प्रोजेक्ट चालवून ये म्हणायलास 😂
नवा, एनपीटीईएल बघ. आयआयटीच्या प्रोफेसरांचे कोर्स, व्हिडिओ फुकट, सर्टिफिकेट पाहिजे असेल तरच परीक्षेची फी, मी दिली तेव्हा १००० रुपये होती. मी केलाय. आठवड्याला एक असाइनमेंट. इंग्रजीत आहे पण व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला की समजतंय. पीएमआयचीच कॅपम म्हणून नवशिक्यांची परीक्षा पण आहे, तिला प्रोजेक्टचा अनुभव लागत नाही.

तिसरं_गेट
सॉफ्टवेअर घेऊ नको हे मी अनुभवानं सांगतोय. आमच्या साहेबांच्या मागं लागून महागातलं लायसन घ्यायला लावलं, दोन आठवडे मी रंगीत गँट चार्ट (कुठलं काम कधी ते पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) काढत बसलो, मोठ्या कागदावर प्रिंट काढून भिंतीला लावला, आणि तिसऱ्या दिवशी काँट्रॅक्टर आलाच नाही. चार्टात तो येऊन गेलेला होता. नंतर अपडेट करायचा कंटाळा आला, शेवटी काम दिनदर्शिकेवर पेनानं लिहून झालं. लायसन अजून चालू आहे, दर वर्षी साहेब माझ्याकडं बघतात. लागलंच तर प्रोजेक्टलिब्रे फुकट मिळतंय, नाहीतर एक्सेल.

फोरमन_रिटायर्ड
बाळा मी ३४ वर्षं फौंड्री आणि मशीन शॉप दोन्ही बघितलंय, हे कोर्स बिर्स आमच्या वेळी नव्हतं. एक गोष्ट सांगतो ती ध्यानात ठेव. आमच्यात एक मोठी लेथ येणार होती, फौंडेशनचं ड्रॉइंग कंपनीकडनं आलं, सिव्हिलवाल्यानं तसं काँक्रीट भरलं, बोल्ट रोवले, सगळं बरोबर. मशीन आली, क्रेननं उचलली, खाली सोडायलोय तर पायाचं भोक आणि बोल्ट यांच्यात ४० मिलिमीटरचा फरक. ड्रॉइंग जुन्या मॉडेलचं होतं न्हवं! मशीन क्रेनला लटकलेली, क्रेनवाला तासाचं भाडं मोजायलाय, मालक घामाघूम. दोन दिवस छिन्नी हातोड्यानं काँक्रीट फोडलं. आणि खरं दुःख सांगू काय, आमच्या मेंटेनन्सच्या पोराला मॉडेल बदललंय हे महिनाभर आधी ठाऊक होतं. सर्व्हिस इंजिनिअर चहाच्या गाड्यावर बोलला होता त्याच्याशी. पण मीटिंगला त्याला कोण बोलावतंय गा, मीटिंगला आम्ही सगळे इस्त्रीचे शर्टवाले.

निपाणी_रोड
काका भारी. पण काँक्रीटवरनं आठवलं, नवा तू फौंडेशनला किती दिवस धरायलास? ७ दिवस खूप झाले. लोक उगीच महिना घालवतात.

फोरमन_रिटायर्ड
७ दिवसांत साधारण ६५ टक्केच ताकद येते. २८ दिवस थांबायचं. सीएनसी हलली की साइज गेली.

निपाणी_रोड
आम्ही दहाव्या दिवशी मशीन ठेवली, सहा वर्षं झाली, काय झालं नाही.

फोरमन_रिटायर्ड
मशीन कसली?

निपाणी_रोड
ड्रिलिंग.

फोरमन_रिटायर्ड
मग बरोबर.

वडगावची_सून
पुण्यातल्या आयटी कंपनीत पीएमओमध्ये, म्हणजे सगळ्या प्रोजेक्टांवर लक्ष ठेवणाऱ्या विभागात आहे, घरनं काम करते. वर सगळे कोर्सचं सांगायलेत, त्याला नेमकं शिकायचं काय ते कुणीच सांगत नाही, म्हणून लांबलचक लिहिते, कंटाळा आला तर सोडा.
लाइफ सायकल म्हणजे तुझ्या कामाचे टप्पे. शेड ताब्यात घेणं, फौंडेशन, वीज, मशीन हलवणं, ट्रायल, सुपूर्द करणं. यूट्यूबवर जे पाच ऐकलंस, इनिशिएटिंग, प्लॅनिंग, एक्झिक्यूटिंग, मॉनिटरिंग-कंट्रोलिंग, क्लोजिंग, ते टप्पे नव्हेत. पीएमआय त्यांना प्रोसेस ग्रुप म्हणते आणि ते प्रत्येक टप्प्यात पुन्हा पुन्हा येतात. क्लासवाले पण यात घोळ घालतात.
क्रिटिकल पाथ म्हणजे एकामागनं एक करायच्या कामांची सगळ्यात लांब साखळी, असा बघ. खड्डा ४ दिवस, सळई-काँक्रीट ३, क्युरिंग म्हणजे काँक्रीट पक्कं होईपर्यंत थांबणं २८ (काकांचं ऐक), बसवणं-लेव्हलिंग ५, ट्रायल ४. झाले ४४. केबलला २० दिवस लागतात असं धर, ती पहिल्या दिवसापासनं शेजारनं चालू दे, मशीन बसायच्या आधी म्हणजे ३५ दिवसांत आली की झालं. म्हणजे केबलला १५ दिवसांची ढील आहे, काँक्रीटला शून्य. केबलवाला चार दिवस बुडाला तर रागव आणि सोडून दे, काँक्रीटवाला एक दिवस बुडाला तर ट्रायल एक दिवस पुढं. खंडेनवमी काय पुढं जात नाही.
आणि कुणी "१४ दिवसांत देतो" म्हटला तर तीन आकडे विचार, सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, वाट लागली तर. समजा १०, १४, ३०. मधल्याला चारनं गुणून तिन्ही मिळव आणि सहानं भाग, येतात १६. याला पर्ट म्हणतात, १९५० च्या दशकात अमेरिकन नौदलानं पोलारिस क्षेपणास्त्रासाठी काढलेलं. आपल्या काँट्रॅक्टरला पण चालतंय.

हिंडलगा_आयटी
एवढं कशाला, अॅजाइल करा की, थोडं थोडं करून दाखवत पुढं जायचं. दोन आठवड्यांचे स्प्रिंट, रोज सकाळी १५ मिनिटं स्टँडअप. २००१ चा मॅनिफेस्टो वाचा, प्लॅनपेक्षा बदलाला महत्त्व.

तिसरं_गेट
काँक्रीटला स्प्रिंट? पहिल्या स्प्रिंटला अर्धा खड्डा भरायचा आणि गिऱ्हाइकाला दाखवायचा?

हिंडलगा_आयटी
तुम्हाला कळलंच नाही. आमच्या टीमला जमलं ते जगात कुणालाही जमतं.

वडगावची_सून
काँक्रीटला नाहीच, तिथं आधी सगळं ठरवून मग करायचं. पण लेआउटला त्याचं अर्धं म्हणणं चालेल. नव्या शेडात फरशीवर खडूनं आठही मशीनचे चौकोन काढ, ऑपरेटरना आत उभं कर, दार उघडल्यासारखं करायला सांग, चिप ट्रॉली (लोखंडाचा कीस भरायची गाडी) फिरवून बघायला सांग. अडलं तर खडू पुसायला किती खर्च येतो? तेच बोल्ट रोवल्यावर कळलं तर काकांची छिन्नी.

चिक्कोडीकर
एनपीटीईएलचं कुणी सांगितलं नाही काय अजून? फुकट आहे. बघ.

खानापुरी
सांगितलं की वो. वर वाचा.

यात्रा_कमिटी
हे सगळं आमच्या गावात लक्ष्मी यात्रेला होतंय, कोर्स न करता. मी खजिनदार होतो. मांडव, पाणी, पार्किंग, गल्लीवार जबाबदारी, घराघरात शे-दोनशे पाव्हणे, सगळं वहीवर. फक्त एक चुकलं. एका मानकऱ्याच्या घरी पहिल्या बैठकीचं बोलावणं गेलं नाही. विसरलं, मुद्दाम नव्हे. माणूस कधी काही बोलला नाही, वर्गणी पण दिली, आणि ऐन रथाच्या दिवशी दोर धरायला नाही म्हणून बसला. आम्ही पाच जण पाया पडायला गेलो. त्याच्या बायकोनं आम्हाला सरबत दिलं, ह्यानं मान वर केली नाही. रथ अडीच तास उभा.

वडगावची_सून
नवा, स्टेकहोल्डर म्हणजे हेच. ज्याचं तुझ्या कामात काय तरी अडकलंय आणि जो तुझं काम अडवू शकतो, दोन्ही. कागदावर दोन रेघा मार, एकीवर ताकद किती, दुसरीवर त्याला पडलंय किती. मालक दोन्हीकडं वर. पण ज्याला ताकद आहे आणि पडलेलं नाही, त्याला खूश ठेवायचं विसरतात लोक. आणि यादीत गिऱ्हाईक घाल, मशीन हलवताना त्याचा माल बंद होणार, आधी स्टॉक करून ठेवावा लागेल.

मच्छेकर
अजून एक. तुझी टीम म्हणजे कोण? जुने ऑपरेटर, नव्या युनिटचे नवे, काँट्रॅक्टरची माणसं कन्नड बोलणारी, मशीन हलवणारे रिगर हिंदीवाले. पहिले पंधरा दिवस भांडणं होणार, घाबरू नको. टकमन म्हणून मानसशास्त्रज्ञानं १९६५ लाच लिहून ठेवलंय, फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग, परफॉर्मिंग, म्हणजे आधी जमणं, मग भांडणं, मग जुळणं, मग काम. आम्ही दारात पांढरा बोर्ड लावला, उद्याचं काम तिन्ही भाषांत, प्रत्येक कामापुढं एकच नाव. दोन नावं लिहिली की ते काम कुणाचंच नाही. बोर्ड १८०० ला पडला, शहापूरला घेतला.

बेंगळुरात_बेळगावकर
हे सगळं पीएमपीत येतं. तेच सांगत होतो.

उद्यमबागचा_नवा
सगळ्यांना धन्यवाद. रागवू नका, क्लास लावला. ५ हजार भरले, बाकी दोन हप्त्यांत, अडीच हजार जास्तीचे बायकोला अजून सांगितलेले नाहीत. एनपीटीईएल चालू करून बघितला, पण घरी दीड वर्षाचं पोरगं आहे, व्हिडिओ लावला की मोबाईल त्याला पाहिजे. क्लासात निदान दार लावून बसता येतंय आणि अडलं तर सरांना तिथंच विचारता येतंय.
पण काकांचं वाचून काल मेंटेनन्सच्या पोराला मुद्दाम शेडवर घेऊन गेलो. तो ड्रॉइंग बघेल म्हणून नेला, त्यानं ड्रॉइंगला हातच लावला नाही. दारात उभा राहिला आणि शटरकडं बघत म्हणाला, "साहेब, मोठी व्हीएमसी ह्यातनं जात्येय काय?" व्हीएमसी म्हणजे आमची उभी सीएनसी. टेप लावला. शटर दहा फूट, गुंडाळलेला पत्रा खाली येतोय तो धरून नऊ फूट दोन इंच. मशीनची उंची कॅटलॉगमध्ये नऊ फूट पाच, वर ट्रॉलीची उंची वेगळीच. मालकांना फोन केला, ते बराच वेळ काय बोललेच नाहीत. शटर काढून चौकट वाढवायचं ठरलंय, ते आता काँक्रीटच्या दिवसांतच उरकून घेणार.

फोरमन_रिटायर्ड
त्या पोराला चहा पाज.

चिक्कोडीकर
१४,५०० घालवलेस. एनपीटीईएल फुकट होतं.

निपाणी_रोड
शेवटी क्युरिंगला किती धरलेस ते सांग.

उद्यमबागचा_नवा
२१. मालक म्हणाले.