सोलर पण हवं आणि ८० चा स्पीड पण, घरी बनवलेल्या तीनचाकीत जमेल का?

लूमवाला_इचल
नमस्कार मंडळी, मी इचलकरंजीचा, डिप्लोमा मेकॅनिकल झालाय, मागाच्या कारखान्यात जॉबरचं काम करतो आणि रात्री घरामागच्या शेडमधे एक तीनचाकी बनवतोय. पुढं दोन चाकं, मागं एक, एकच माणूस बसणार, स्कूटरची १० इंची चाकं, चौकोनी पाईपची फ्रेम स्वतः वेल्ड केलीय. मला बसवून आणि बॅटरी धरून एकूण १९० किलोपर्यंत जाईल. डोक्यावर सपाट छत करून त्यावर १५० वॅटची दोन पॅनल टाकायची, मागच्या चाकात ५ किलोवॅटची हब मोटर, आणि ८० चा स्पीड मिळाला पाहिजे असं डोक्यात आहे. घरातलं चार्जिंग लागूच नये, सगळं उन्हावर. दीड लाख बाजूला काढलेत, दोन वर्षं साठवलेले आहेत म्हणून उगाच चुकीचं काही घ्यायचं नाही. मोटर घेऊ का? बॅटरी कुठली? आणि रस्त्यावर काढता येईल का हेही कुणाला माहीत असलं तर सांगा.

तारमास्तर
मित्रा, मोटरचे पैसे आत्ता देऊ नकोस, आधी कागद पेन घे.

३०० वॅट हे कंपनी लॅबमधे २५ डिग्रीला मोजते. आपल्याकडे एप्रिलमधे छतावरचं पॅनल ६५ ला सहज जातं आणि दर डिग्रीला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के कमी होत जातं, म्हणजे तिथंच १५ टक्के गेले, वर पॅनल सपाट, धूळ, एमपीपीटीचा (पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्जर) लॉस. दिवसभर उन्हात उभी ठेवलीस तर चांगल्या दिवशी एक युनिट, म्हणजे १,००० वॅट-आवर, हातात पडेल असं धर.

आता ते एक युनिट किती पळवेल ते बघ. गाडी सपाट रस्त्यावर ओढायला जितके किलो जोर लागतो त्याला २.७ ने गुण, तेवढे वॅट-आवर प्रत्येक किलोमीटरला जातात. तुझ्या गाडीला चाकांची ओढ धर ४ किलो, म्हणजे ११. हवेचं वेगळं. उघडी गाडी, माणूस, वर सपाट छत, अंदाजाने ४० च्या स्पीडला हवा किमीला १६ वॅट-आवर खाईल आणि ८० ला ६३, कारण स्पीड दुप्पट झाला की हवेची ओढ चौपट होते आणि लागणारी पॉवर आठपट. मोटर आणि तिला करंट पुरवणारा कंट्रोलर यांचा लॉस धरून ४० ला किमीला ३२ च्या आसपास, ८० ला ८८. म्हणजे तेच एक युनिट ऊन ४० ने चाललास तर ३० किमी आणि ८० ने चाललास तर जेमतेम ११-१२. आणि ८० टिकवायला सतत ७ किलोवॅट लागतील, तुझी ५ ची मोटर तिथं पोचेल ती उतारावरच.

म्हणून सोलर आणि स्पीड ही दोन वेगळी कामं समजू नकोस, दोन्हीचं उत्तर एकच आहे, ओढ कमी कर. आणि काचेची दोन पॅनल म्हणजे वीसेक किलो डोक्यावर, तीनचाकी वळणावर आतलं चाक उचलते. पातळ फ्लेक्सिबल पॅनल हलकी पडतात पण पत्र्याला थेट चिकटवलीस तर जास्त तापतात आणि खडखडाटाने आत सेलला बारीक चिरा जातात, खाली हवा खेळू दे.

पिट_लेन
तारमास्तरांशी सहमत. मी कॉलेजला असताना इलेक्ट्रिक फॉर्म्युला टीममधे होतो, कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत या कॉलेज टीमच्या स्पर्धेला गेलो होतो, त्यामुळे बॅटरीवर बोलतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) घे भावा. वजन जास्त भरेल पण तू एकटा शेडमधे रात्री काम करणार, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली लिथियम बॅटरी) बिघडली तर खूप लवकर पेटते, एलएफपी त्या मानाने पुष्कळ सहन करते. ३.२ व्होल्टचे २४ सेल सिरीजमधे म्हणजे ७६.८, ४० अँपिअर-आवरचे घेतलेस तर ३ युनिट. फक्त हे बघ की ७ किलोवॅट म्हणजे ९० अँपिअरच्या वर, आणि ४० चे बरेचसे सेल सतत ४० अँपिअरलाच चालवायचे असतात, क्षणभर जास्त देतात ते वेगळं.

सेल घेताना फसू नकोस. आम्ही एका व्यापाऱ्याकडून ए ग्रेड म्हणून २४ घेतले, वरचा क्यूआर कोड खरवडलेला होता तेव्हाच कळायला हवं होतं, घरी प्रत्येक सेल पूर्ण भरून रिकामा करून मोजला तर सहा सेल ३२ अँपिअर-आवर पण देत नव्हते. सिरीजमधे सगळ्यात कमजोर सेल थांबला की पूर्ण पॅक थांबतो. मोजल्याशिवाय पॅक बांधूच नकोस.

दुसरं, कंट्रोलर बॅटरीला थेट लावू नकोस. आत मोठे कपॅसिटर असतात, रिकामे असताना ते शॉर्टसारखेच वागतात. आमच्या एका मुलाने घाईत प्लग लावला, फाट्कन आवाज, निळी ठिणगी, कनेक्टरची पितळी पिन टोकाला वितळून काळी आणि खडबडीत झाली, तो कनेक्टर नंतर कायम गरम व्हायला लागला. १०० ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर मधे घालून २-३ सेकंद भरू द्यायचं, मग मेन कॉन्टॅक्टर (मोठा स्विच). आणि घरातला एसीचा एमसीबी इथं चालत नाही, एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत शून्य येतच नाही, आत आर्क पेटतच राहतो. डीसी रेटिंगचा फ्यूजच, आणि तो बॅटरीच्या टर्मिनलला जितका जवळ तितका बरा. पान्ह्यांना इन्सुलेशन टेप गुंडाळ, हातातली अंगठी काढ, हे आजच कर.

कागदपत्र_पुणे
रस्त्याचं मी सांगतो. २५० वॅटच्या आत, स्पीड २५ च्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तरच नोंदणीतून सूट, तुझी कशातच बसत नाही. रेट्रोफिट किटला (चालू गाडी इलेक्ट्रिक करायचं किट) एआयएस-१२३ हे मानक आहे पण ते आधीच नोंदलेल्या गाडीसाठी, शून्यातून वेल्ड केलेल्या फ्रेमला नाही, तिला एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून मंजुरी लागेल आणि ते एका माणसाच्या खर्चात बसत नाही. खाजगी आवार, शेत, ट्रॅक, तिथंच चालव. अपघात झाला तर विमा नाही, समोरच्याचं नुकसान तुझ्या अंगावर येईल.

दर्यापार_ॲडलेड
मी मूळचा साताऱ्याचा, आता ॲडलेडला. इथं डार्विनहून निघालेली सोलर गाड्यांची शर्यत संपते, ३,००० किमी, आणि गाड्या जवळून बघायला मिळतात. या शर्यतीची सुरुवात ज्यांनी केली ते हान्स थॉलस्ट्रप, त्यांनी १९८२-८३ ला पर्थ ते सिडनी घरगुती पद्धतीने बनवलेली सोलर गाडी नेली, साधारण ४,००० किमी, २० दिवस, सरासरी तासाला २३ किमी. पाच वर्षांनी १९८७ च्या पहिल्या शर्यतीत जनरल मोटर्सच्या सनरेसरने ६७ ची सरासरी काढली आणि २००५ ला नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांच्या नुना गाडीने १०० ओलांडली. ऊन तेच होतं. सेल सुधारले हे खरं, पण आकार, वजन, टायर आणि मोटर यांनी फार मोठा फरक पाडला. २०१७ ते २०२३ च्या शर्यतींत नियमाने सिलिकॉनचं पॅनल ४ चौरस मीटरच होतं, म्हणजे घरातल्या गीझरच्या निम्म्याच्या आसपास पॉवर, आणि त्यावर चांगल्या गाड्या ८० च्या वर चालल्या. ड्रायव्हर जवळजवळ आडवा, चाकं झाकलेली, मागचं टोक निमुळतं. अजून एक बघण्यासारखं, थांब्यावर गाडी उभी राहिली की पोरं पूर्ण पॅनल उचलून सूर्याकडे तिरकं धरतात, एक मिनिट वाया घालवत नाहीत. तू पण छत बिजागरीवर कर, उभी असताना तिरकं करता येईल.

लूमवाला_इचल
सगळ्यांचे मनापासून आभार, मोटर घेतली नाही. रविवारी मार्केट यार्डातून ताणकाटा आणला, कारखान्याच्या आवारात काँक्रीटवर फ्रेमवर वाळूची पोती ठेवून १९० किलो केलं आणि मित्राला ओढायला लावलं, काटा ३.८ वर. तारमास्तरांचा ४ चा अंदाज किती जवळ होता बघा. मग पुढच्या दोन चाकांना सूत लावून बघितलं तर पुढच्या बाजूला ११ मिमी आत तोंड केलेलं, वेल्डिंगच्या उष्णतेनं ओढलं असणार. टाय रॉड फिरवून २ मिमीवर आणलं, हवा २५ वरून ३६ पीएसआय केली, डाव्या चाकाचा ब्रेक घासत होता तो मोकळा केला. परत ओढलं, २.४. म्हणजे किमीला १०.३ वॅट-आवरचे ६.५ झाले आणि खर्च फक्त ताणकाट्याचा. लई बरं वाटलं, खरंच.

आता ठरवलंय, छत काढलं, सीट १५० मिमी खाली घेतोय, पाय पुढं, मागं पातळ प्लायचं निमुळतं शेपूट आणि एक पॅनल त्या शेपटावर बिजागरीने, दुसरं शेडच्या पत्र्यावर उत्तराभि... चुकलं, दक्षिणेकडं तोंड करून. ४५ ची गाडी करतोय, २ किलोवॅटची मोटर बघतोय. शेपूट लावून झालं की मोकळ्या मैदानात ४० वरून सोडून किती मीटरला थांबते ते मोजतो, शेपूट लावून आणि काढून, दोन्ही आकडे इथं टाकतो. पिट_लेन दादा, सेल टेस्ट करायला डिस्चार्जर विकत घ्यावा का हॅलोजन दिवे लावून केलं तर चालेल?

पिट_लेन
एका सेलला १२ व्होल्टचा हॅलोजन नीट लोड देणार नाही, ४ सेल सिरीजमधे लाव म्हणजे १२.८ होतात, मग गाडीचे ५५ वॅटचे दोन दिवे पॅरलल. चारही सेलवर वेगवेगळा मीटर ठेव आणि पहिला सेल २.५ ला आला की लगेच बंद, तो सेल बाजूला काढ. वेळ आणि अँपिअर वहीत लिही. समोरून उठू नकोस.